पोरीच्या कामासाठी

जबलपूरला आमच्या आळीतल्या मिश्राइन चाची मसुरीला जाऊन आल्या, तेव्हा महिनाभर आम्हा सगळ्यांना धुकं ऐकावं लागलं. त्यांच्या मानाने माझा प्रवास साधा. मी बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आले, आणि गेले ती मी तिथलीच आहे हे तिथल्या सरकारला पटवून द्यायला. स्वतःच्या गावी पाहुणी म्हणून जायचं आणि आपण पाहुणी नाही असं सिद्ध करून परत यायचं, अशी सहल अजून कुणी काढलेली माझ्या ऐकिवात नाही. म्हणून हे लिहिते.

आधी भानगड सांगते. बाबा मूळचे वऱ्हाडातले, अमडापूरजवळच्या एका गावचे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे त्या गावातल्या चांगल्या चांगल्या माणसांनी सरकारी अधिकाऱ्यासमोर धादांत खोटं सांगितलेलं आहे. बाबा मास्तर म्हणून जबलपूरला लागले तेव्हा जबलपूर आणि अमडापूर एकाच राज्यात होतं आणि दोघांची राजधानी नागपूर होती. मग राज्यांची फेरमांडणी झाली. बाबा वर्गात भूमितीचं प्रमेय सोडवत असताना कधीतरी त्यांचं गाव परराज्यात गेलं. यथावकाश महाराष्ट्र झाला, आणि इंटर सायन्स पास झालेली त्यांची मुलगी नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दृष्टीने परप्रांतीय ठरली.

बाहेरच्यांना तिथे जागा चिमूटभर, आणि त्या चिमटीत सगळा हिंदुस्थान. महाराष्ट्रातल्या मुलांच्या यादीत मात्र माझे मार्क आरामात पुरत होते. जबलपूरच्या कॉलेजात माझं नाव थोडक्यात हुकलं होतं. त्यामुळे वाट एकच उरली: वडिलांचं कायमचं घर महाराष्ट्रात आहे, असा तहसीलदाराचा दाखला आणायचा. मुदत त्याच आठवड्यात संपत होती. दाखला नाही मिळाला तर बी.एस्सी., आणि बी.एस्सी.च्या पुढे काय असतं ते आमच्या आळीतल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे. मला डॉक्टर व्हायचं होतं. मी एरवी कशाचीही थट्टा करते, पण या गोष्टीची मला करवत नसे.

आणखी एक सांगायला हवं. जबलपूरची यादी लागायच्या आधीच बाबांनी उत्साहाच्या भरात शाळेत पेढे वाटले होते. नाव हुकल्यावर त्यांनी कानाला खडा लावला: काम फत्ते होईपर्यंत कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही. मलाही तीच ताकीद. कुठे निघालात, कशाला निघालात असं कुणी विचारलं, की बाबा एवढंच म्हणायचे, “पोरीच्या कामासाठी.”

खामगाव

रेल्वेचा भाग गाळते. डोळ्यात कोळशाचा कण जाण्यात प्रांताप्रांतात काही फरक नाही. जलंबला मोठी गाडी सोडून आम्ही खामगावच्या फाट्याच्या छोट्या गाडीत बसलो आणि बाबा बदलायला लागले. आधी कोटाचं वरचं बटण सुटलं. मग कोट सुटला. खामगावला उतरल्यावर त्यांनी गाड्यावरची मिरचीची भजी घेतली आणि रस्त्यात उभ्याउभ्या खाल्ली. त्यांच्या शाळेत एवढ्यावरून मुलांना अंगठे धरावे लागतात.

खामगावाला सरकीच्या तेलाचा वास आहे. कापसाचा हंगाम संपून सरकी काढणारी जिनं बंद पडली होती, तरी रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अजून लटकत होते. एस.टी.च्या स्टँडवर आम्ही बस शोधत होतो, तेवढ्यात मागून आरोळी आली.

“काऊन बे मास्तर! जिता हायेस का बे?”

जबलपूरला एखाद्याला ‘बे’ म्हटलं की पुढचा आवाज थोबाडीत बसल्याचा येतो. मी पोलीस कुठे दिसतो का ते पाहू लागले. पण बाबांचा चेहरा असा काही फुलला होता, की तसा मी कधीच पाहिला नव्हता. धोतर सावरत आलेले गृहस्थ त्यांचे शाळूसोबती निघाले, आता एका तेलाच्या गिरणीत कारकून. बाबांना ‘बे’ म्हणणारा माणूस सगळ्या जबलपुरात एकही नाही, हे माझ्या तिथे पहिल्यांदा लक्षात आलं, आणि मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं.

“पोरीले घेऊन निंघाला? काय काम काढलं?”

“पोरीच्याच कामासाठी,” बाबा म्हणाले.

“हाव, हाव! समजलो.” त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “उंच हाये. पण जमून जाईन.”

डॉक्टर व्हायला उंचीची काय अडचण, असा विचार करत मी बसमध्ये चढले.

गाव

अमडापूरपर्यंत एस.टी., पुढे बंडी. वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात आणि शेताला वावर. दोन्ही बाजूंना काळीभोर वावरं, त्यांत ज्वारी आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नुकती वीतभर वर आलेली, ओळीओळींतून कोळपणीचे डवरे चाललेले. आमच्या नर्मदेकाठी नजर कुठे ना कुठे खडकावर आपटते. इथे ती लांबवर जाते आणि दमून परत येते. मला ते आवडलं, हे मी बाबांना सांगितलं नाही, नाहीतर त्यांनी मला सगळ्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, हिंडवलं असतं.

या काळ्या मातीबद्दल मात्र एक इशारा. जबलपूरची माती पायाला लागते. ही पाय ठेवूनच घेते. घरासमोर मी बंडीतून ऐटीत उडी मारली. एक चप्पल जमिनीने गिळली, दुसरा पाय घसरला, आणि माझी नवी सलवार-कमीज कमरेपर्यंत चिखलात बसली.

“अवं माय! पोरगी आली का वावर आलं?”

ही मोठीमाय, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. मोठेबाबा वारल्यापासून घर आणि शेत एकटीने सांभाळणारी, आणि आवाज असा की शेजारच्या गावाला वेगळा निरोप धाडायला नको. तिने मला विहिरीवर घासून काढलं आणि पेटीतलं हिरवं लुगडं नेसवलं. लुगड्यात मला चालता येत नव्हतं, फक्त सरकता येत होतं. त्यावर जेवायला वांग्याची भाजी, भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेसा. ठेशाच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. मोठीमायला वाटलं मला घर पाहून गहिवरून आलं, तीही रडली.

“शाळा झाली का वं तुही?”

“झाली.”

“मंग बाप कायले घेऊन आला?”

मी ताकीद आठवून म्हटलं, “माझ्या कामासाठी.”

मोठीमायने बाबांकडे पाहून मान हलवली. बाबांनीही मोघम हलवली. संध्याकाळी गावातल्या बाया एकेक करून मला पाहून गेल्या. जबलपूरला पाहुणे आले की विचारतात, बेटी, कौनसी क्लास में हो? इथे मला भाकर थापायला बसवलं. माझी भाकर नव्या राज्याच्या नकाशासारखी चहूकडून फुटत होती. बाया चांगल्या, कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा शेताचा उतारा काढायला सकाळीच चिखलीच्या तहसील कचेरीत गेले. दाखल्याचा अर्ज त्यांनी पोस्टाने आधीच धाडला होता. ते एका वाटेने गेले आणि अर्जाची चौकशी करायला दुसऱ्या वाटेने आर.आय. आले. आर.आय. म्हणजे महसूल खात्याचे इन्स्पेक्टर. हे जाधव साहेब साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले, तरुण, पांढरा शर्ट, भांग पाडलेला. चिखलापायी सायकल खांद्यावर घेऊन चालत आले. त्यांनी पारावर एवढंच विचारलं, “मास्तरांची मुलगी आलीय ना? तिच्याबद्दल चौकशी करायची होती.” ही बातमी त्यांच्या आधी घरी पोचली.

त्या गावात एक रीत आहे. ती मला नंतर समजली. बाहेरचा माणूस गावच्या लेकीची चौकशी करायला आला, की तिच्याबद्दल वावगं बोलायचं नाही, उलट आपल्या पदरचं काही घालायचं. धुऱ्यावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा अशा वेळी एकमेकांच्या मुली सोन्याच्या करून सांगतात. सोयरीक जुळण्याआड गाव येत नाही. आणि लग्नाच्या वयाची मुलगी घेऊन ‘पोरीच्या कामासाठी’ आलेल्या बापाचं काम दुसरं काय असणार?

जाधव साहेब ओसरीवर सतरंजीवर बसले. गावातली पाच-सहा माणसं भोवती आपोआप जमली. मी आत पोह्यांच्या बश्या भरत होते आणि कान दाराला लावून होते. सलवार अजून वाळली नव्हती, म्हणून अंगात तेच लुगडं.

“साहेब, तुमचं लगन झालं का?” मोठीमायचा पहिला प्रश्न.

“अजून नाही. का हो?”

“काई नाही. सहज इचारलं.”

कुडाबाहेर बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

साहेबांनी घसा खाकरला. “ही मुलगी इथेच राहते का?”

“इथं नाही तं कुठं राह्यते? याच घरात लहानाची मोठी झाली. गावाची शीव नाही ओलांडली तिनं!”

मी आत थक्क. बाबांनी दाखल्याचं हिला गुपचूप सांगितलेलं दिसतं, आणि ही काय बेमालूम बोलते आहे! मी मनातल्या मनात तिला साष्टांग नमस्कार घातला. खोटं होतं, पण माझ्या उपयोगाचं होतं, आणि मी खूश होते.

मग हुसेनचाचा पुढे सरसावले. हे बांगड्या भरणारे, आठवड्याच्या बाजारी अमडापूरला बसणारे. “साहेब, हर साल मीच चुड्या भरतो हिच्या हातात. पाळण्यात होती तवापासून. कसम से.”

नेमकी त्याच क्षणी मी पोहे घेऊन बाहेर सरकले. माझ्या एका हातात मनगटी घड्याळ, दुसऱ्यात काहीच नाही. साहेबांची नजर मनगटावर गेली.

“परवाच फुटल्या,” चाचा म्हणाले.

“बरं. आणि शिक्षण?”

मी मान ताठ केली. आता माझा प्रांत आला.

“शिक्षण कायचं, साहेब!” मोठीमाय म्हणाली. “चौथीलोक जाऊ देल्लं, मंग म्हटलं पुरे. शिकल्या पोट्ट्या सासूले जुमानत नाही. आमची तशी नाही.”

बशी कलली आणि थोडे पोहे साहेबांच्या मांडीवर गेले.

“चौथी? पण अर्जात तर इंटर सायन्स लिहिलंय!”

“अर्ज कायचा? आमच्यात अर्ज नाही करत साहेब. माणूसच येते, जसे तुमी आले. सायन्स-फायन्सचं काई खूळ नाही तिच्या डोक्यात. भाकर पाहा तिच्या हातची, चांदच!”

गावाने एकमुखाने चंद्राला दुजोरा दिला. मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चौथी खोटी म्हणावी, तर शीव न ओलांडलेलीही खोटी होते. माझ्या फायद्याचं आणि माझ्या नाशाचं एकाच तोंडून, एकाच दमात आलेलं. त्यातलं अर्धं ठेवून अर्धं कसं फेकायचं? मी हा हिशेब करीत असताना मोठीमायने मला आत ढकललं. “लाजते,” ती म्हणाली. कॉलेजात मला वादविवादाची बक्षिसं मिळालेली आहेत.

साहेब उठले. “सगळ्यांनी सांगितलं तसं मी लिहितो,” ते कोरडेपणाने म्हणाले आणि सुपारी न घेता, सायकल उचलून गेले.

“देण्याघेण्यावर अडला असन,” कुणीतरी निकाल दिला.

“सायकलीवर येते अन् मिजास पाहा,” हुसेनचाचा म्हणाले.

संध्याकाळी बाबा उतारा घेऊन हसतमुखाने परतले. “भाऊजी, पोरगा बरा होता,” मोठीमायने सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता बाबा ओट्यावर बसले. मग त्यांनी खरं काम काय ते सांगितलं. मोठीमाय गप्प झाली. ती गप्प होऊ शकते हे मला माहीत नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

“डॉक्टर म्हणजे, सुया टोचते थे?” तिने मला विचारलं.

“हो.”

“बायामाणसाले तपासते?”

“हो, मोठीमाय.”

“अन् म्या चौथी सांगतली.” तिचा आवाज फुटला. मग ती बाबांकडे वळली. “भाऊजी, तुमी तोंड काय शाळेत ठेवून आले का? काऊन नाही सांगतलं मले?”

मी आत जाऊन लुगड्यासकट रडले. नागपूर मला मिरचीच्या ठेशाइतकं जवळ आलं होतं आणि तितकंच झोंबलं होतं.

चिखली

सकाळी बंडी जुंपली. मोठीमाय येणार हे ठरलेलंच होतं. हुसेनचाचा बांगड्यांची पेटी घरी ठेवून आपणहून बसले. “जबान मी बी देल्ली होती,” ते म्हणाले.

तहसीलदार पंख्याखाली बसूनही घाम पुसत होते. समोर आमचा अर्ज, शेजारी जाधव साहेबांचा अहवाल आणि पलीकडे स्वतः जाधव साहेब, भिंतीला टेकून.

“मास्तर, तुमच्या अर्जात मुलगी इंटर पास. गावाच्या जबाबात चौथी. तुमच्या अर्जात ती जबलपूरला शिकते. गावाच्या जबाबात तिनं शीव ओलांडली नाही. मुली दोन आहेत का?”

“एकच हाये, साहेब,” मोठीमाय पुढे झाली. “म्या खोटं बोल्ली. मले वाटलं, हे साहेब पोरगी पाह्याले आले.”

जाधव साहेबांचे कान लाल झाले. तहसीलदारांनी रुमाल खाली ठेवला. “जाधव, पोहे खाल्लेत?”

“थोडे, सर.”

“साहेब, सच पुछो तं थे डाक्टरच हाये,” हुसेनचाचांना राहवेना. “माह्या घरवालीचं डोकं दुखे. हिनं एक गोळी देल्ली, खलास!”

“अहो, अजून प्रवेश मिळायचाय तिला!” तहसीलदार वैतागले.

“चाचा, चूप बसा,” मोठीमाय म्हणाली. “आपलं खोटं बोलून झालं.”

“म्हणजे,” तहसीलदार सावकाश म्हणाले, “मुलगी इथे राहत नाही.”

“नाही राह्यत.”

“मग मी काय लिहून देऊ?”

तेव्हा बाबा बोलले. हेडमास्तरांपुढेही आवाज न चढवणारा हा माणूस टेबलाला धरून उभा राहिला. “साहेब, मी परराज्यात गेलो नाही. नोकरीला लागलो तेव्हा ते आपलंच राज्य होतं. मी फळ्यापाशी जिथे उभा होतो तिथेच उभा आहे. राज्य उठून गेलं. मला कुणी विचारलं नाही, कुठे राहतोस म्हणून.” त्यांनी उतारा पुढे सरकवला. बाबांना इतकी वर्षं हे बोलायचं होतं, आणि मी इतकी वर्षं त्यांच्याच घरात राहून ते ऐकलं नव्हतं.

तहसीलदारांनी उतारा नीट वाचला. “घर आहे, शेत आहे, नाव आहे. कायमचं घर इथे म्हणता येईल. नियमात बसतं.” त्यांनी पेन उचललं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पण हिला इथल्या जागेवर बसवायचं, म्हणजे इथलं कुणाचं तरी पोर बाहेर राहणार. या तालुक्यात बाईडॉक्टर शोधून सापडत नाही. मुली, तू सांग. डॉक्टर झालीस की येशील इथे?”

सगळे माझ्याकडे वळले. हुसेनचाचा मान हलवून ‘हाव म्हण’ सुचवत होते. बाबांचे डोळेही तेच सांगत होते. ‘येईन’ म्हणायला काय लागतं? त्या जागेसाठी मी ठेसा वाटीने खाल्ला असता. पण मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि खोटं बोलून झालं हे आत्ताच जाहीर झालं होतं.

“साहेब, मला माहीत नाही,” मी म्हटलं. “आत्ता नाही सांगता येत.”

बाबांनी डोळे मिटले. तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं.

मोठीमायने पदर सावरला. या खेपेला तिचा आवाज हळू होता. “साहेब, लेकीले माहेर असते. थे परत येईन या बोलीवर माहेर ठेवते का कोणी?”

तहसीलदारांनी पेन पुन्हा उचललं, सही केली, आणि शिक्का जाधव साहेबांनी स्वतःच्या हाताने मारला.

दाखला माझ्या हातात आला आणि वादविवादात बक्षिसं मिळवणारी मी भर कचेरीत, चपराशापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांच्या देखत हमसाहमशी रडायला लागले. मोठीमायने मला जवळ ओढलं.

“रडू नको वं,” ती म्हणाली. “सासरी थोडीच जाऊन राह्यली? नागपूरले जाऊन राह्यली.”